सदरा फाटलेला न्हवता

तुळजापूर,
१८ सप्टेंबर २०२४

अमिना,

सलाम आन दुवा. तुझे गुडघे कसे हायत ते विचारत न्हाय, माझ्यापेक्षा बरेच असणार. थोरली खाला फोन का करत न्हाय म्हणून तुझी सून रुसली म्हणं. तिला सांग, फोनवर मला निम्मं ऐकू येतं आन मी बोलते ते सगळं घर ऐकतं. अब्बांनी आपल्या दोघींना चौथीपर्यंत शाळेत घातलं, त्याचा उपयोग कागदावर तरी होऊ दे.

बातमी चांगली हाय. माझ्या नाजमीनला बघून गेले. माणसं धाराशिवचीच, तुझ्या दर्ग्यामागच्या गल्लीतली. पोरगा मुदस्सर, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. दिसायला ठीक, बोलतो कमी, ते एक चांगलं. त्याच्या अम्मीनं नाजमीनच्या हातावर शक्कर ठेवली आन म्हणाली, नवरात्राची तुमच्या दुकानाची गर्दी सरू द्या, मंग मंगनी करू. आमचा सलीम पोरीचा बाप हाय का दुसराच कुणी, कळंना. खुशीत गिऱ्हाईकाला सव्वादोनच्या जागी अडीच मापाची बांगडी काढून देतो.

आता तुझ्यापाशी काम. ती माणसं तुझ्या शेजारची, चौकशी तुझ्याकडंच करणार. दोन बरे शब्द सांग. लई गोड सांगू नकोस, लोकांना संशय येतो. आन एक गोष्ट जिभंखाली ठेव. मागं त्या उन्हाळ्यातल्या रमजानात नाजमीन तुझ्या अंगणात नळापाशी चक्कर येऊन पडली होती, सहरीला न उठता, पहाटचा घास न खाता तसाच रोजा धरला म्हणून. तुझ्याशिवाय ते कुणी बघितलं न्हाय, आन तू मला सोडून कुणाला सांगितलं न्हाईस. मला भ्या वाटतं ते तेवढंच. लोक उन्हाची चक्कर म्हणणार न्हाईत, फिट येते म्हणतील, आन पोरीच्या नावाला एकदा फिट चिकटली की सुटत न्हाय. तो दिवस झालाच न्हाय असं समज.

तुझ्या नातीचं, सुमय्याचंबी बघ आता. बिनबापाची पोर, किती दिवस घरात ठेवणार.

जैतुनबी


धाराशिव,
२५ सप्टेंबर २०२४

प्यारी आपा,

अस्सलामु अलैकुम. तुमचं पत्र वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. अल्लाहचे लाख शुकर, आपल्या नाजमीनचं नशीब उघडलं. मुदस्सरचं घर चांगलं आहे. त्याच्या अम्मीबरोबर मी दर गुरुवारी दर्ग्यात बसते. दिलदार बाई आहे.

ती परवा घरी येऊन गेली. मी म्हटलं, आमच्या आपाच्या घरची पोर म्हणजे डोळे मिटून करावी. खूप वेळ बसली. चहा सुमय्यानं केला होता. तिला तो इतका आवडला की मागून आणखी घेतला, आणि ही स्वयंपाक कुणाकडून शिकली म्हणून विचारत होती.

त्या रमजानच्या गोष्टीची तुम्ही काळजी करू नका. माझ्या पोटातली गोष्ट माझ्याबरोबर कबरीत जाईल. खरं सांगू, तुम्ही लिहिलं नसतं तर मला ती आठवलीही नसती.

सुमय्याचं म्हणाल, तर तिचं नशीब करोनात तिच्या बापाबरोबरच गेलं. कुणी रंग काढतं, कुणी वय काढतं, कुणी दारात पुरुषमाणूस नाही म्हणतं. तुम्ही बिनबापाची लिहिलंत ते खोटं नाही. फक्त कागदावर वाचलं की जास्त खरं वाटतं.

नवरात्रात दुकानात फार वेळ बसू नका. पाय सुजतात तुमचे.

तुमची छोटी,
अमिना


तुळजापूर,
२१ ऑक्टोबर २०२४

अमिना,

तू येऊन गेलीस, घरी नीट पोचलीस असं समजते. एसटीत जागा मिळाली का?

तू गेल्यावर सलीम म्हणाला, छोटी खाला जेवढी रडली तेवढी नाजमीनची माय रडली न्हाय. खरं हाय. तू सांजच्याला दारात आलीस ती रडतच आलीस, पदर पिळून काढावा एवढा भिजला होता. मला रडता येत न्हाय, हे तुला ठाऊक हाय. माणूस मेलं की रडावं. पोरगी जित्ती हाय.

त्या लोकांनी नवरात्राच्या ऐन गर्दीत फोन केला. सलीमच्या एका हातात गिऱ्हाईकाचा हात, दुसऱ्या हातात फोन. म्हणाले, आमी इस्तखारा करून बघितला, अल्लाला कौल मागितला, बरा आला न्हाय. झालं. माणसाला न्हाय म्हणायचं असलं की अल्लाचं नाव पुढं करून मोकळं होतं. शक्कर खाऊन गेले तवा इस्तखारा आठवला न्हवता.

नाजमीन दुकानात बसून बांगड्यांचे डबे लावते, रंगावार, मापावार. आधीच लावलेले होते ते काढून पुन्हा लावते. एकबी बांगडी फुटली न्हाय तिच्या हातून, त्याचंच मला बरं वाटंना. एखादी फोडली असती तर बरं झालं असतं.

माझं एक काम कर. मुदस्सरच्या अम्मीजवळ तू दर्ग्यात बसतीस. तिच्या पोटातून काढून घे काय झालं ते. कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार. कोण ते कळलं म्हणजे मी त्याच्या दारात जाऊन बसते. बाकी मला काही नको.

जैतुनबी


धाराशिव,
३० ऑक्टोबर २०२४

प्यारी आपा,

तुमच्या दुःखानं माझी झोप उडाली आहे. पण आपा, शोध कशाला घ्यायचा? कुणी काही बोललं असेल तर अल्लाह पाहतो आहे. मी मुदस्सरच्या अम्मीला विचारलं नाही. विचारलं की पोरीचं नाव आणखी दहा तोंडांत जातं.

गेल्या जुम्म्याला आमच्याकडे बायकांचा इज्तेमा झाला. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांच्या सब्रावर, धीर धरण्यावर बयान होतं. लाडका यूसुफ गेला, बाकीच्या मुलांनी त्याचा म्हणून रक्त लावलेला सदरा आणला, तरी ते कुणाच्या मागे लागले नाहीत. म्हणाले, आता सब्रच सुंदर. मला लगेच तुमची आठवण आली. आपा, तुम्हीही सब्र करा. नाजमीनला आणखी चांगलं घर मिळेल.

आमच्याकडे सुमय्याचंही एका ठिकाणी बोलणं चाललं आहे. अजून काही नक्की नाही, म्हणून लिहीत नाही. नजर लागते. ठरलं की सगळ्यात आधी तुम्हालाच कळवेन.

तुमची छोटी,
अमिना


तुळजापूर,
४ डिसेंबर २०२४

अमिना,

काल मंगळवार. देवीच्या दर्शनाला आलेली एक बाई दुकानात बसली. हरणाबाई तिचं नाव, तुझ्या धाराशिवची. मंगळवारी आली की आपल्याकडंच बांगड्या भरते. तिनं पदराच्या गाठीतून एक जुनी बांगडी काढली आन म्हणाली, ह्या मापाचा हिरवा चुडा द्या, शेजाऱ्याच्या घरी लगीन हाय, नवरीला आणता येत न्हाय म्हणून त्यांनी माप माझ्याकडं दिलंय. आपल्या धंद्यात माप असंच येतं, तुला काय सांगायचं.

बांगडी हातात घेतली आन वळखली. हिरवी, मधून पिवळी रेघ. गेल्या ईदला तू सुमय्याला घेऊन आलीस तवा म्याच भरली होती तिच्या हातात, साबण लावून लावून, कारण तिच्या आंगठ्याचं हाड रुंद हाय. तसला माल पुन्हा आलाच न्हाय. मला वाटलं, सुमय्याचं जमलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तू आधी मला कळवणार होतीस म्हणून जरा रागबी आला. म्या विचारलं, नवरदेव कोण? ती म्हणाली, मुदस्सर, एसटीतला.

मंग म्या काहीच विचारलं न्हाय. दुकानदार गप बसला की बाया आपणहून बोलतात. हरणाबाई म्हणाली, "आधी इथलीच, तुळजापूरची एक पोरगी बघितली होती त्यांनी. ती फिटंची निघाली म्हणं. तिच्याच नात्यातली म्हातारी, तिनं वेळंवर सांगितलं म्हणून वाचले. लई भली बाई. आता त्या म्हातारीचीच नात करून घेतलीया."

नाजमीन माझ्या शेजारी बसून तो चुडा कागदात गुंडाळत होती. तिचे हात थांबले न्हाईत. दोरा बांधला, गाठ मारली, पुडकं हरणाबाईच्या हातात दिलं आन आत गेली.

चुडा म्या बरोबर दिला. माप एक नंबर सैल दिलं, लग्नाच्या धावपळीत नवरीचे हात सुजतात. बांगडीशी माझं भांडण न्हाय.

तू मला याकूब अलैहिस्सलामांचा सब्र शिकवलास. आता त्यांचीच गोष्ट माझ्याकडनं ऐक, अब्बा सांगायचे तशी. भाऊ यूसुफला खेळायला न्यायला आले, तवा बापच म्हणाले, मला भ्या वाटतं, तुमचं ध्यान नसंल आन लांडगा त्याला खाईल. तवर भावांना लांडगा सुचला न्हवता. जळून त्याला विहिरीत ढकलायचं सुचलं होतं, पर घरी येऊन काय सांगायचं ते सुचलं न्हवतं. ते बापाच्या तोंडून मिळालं. सांजच्याला रडत रडत आले आन म्हणाले, लांडग्यानं खाल्लं. सदऱ्याला रगत लावून आणलं, पर सदरा फाडायचा इसरले. बापानं सदरा उलटापालटा करून बघितला. अब्बा इथं थांबायचे, आपल्याकडं बघायचे आन म्हणायचे, लांडगा मोठा सबुरीचा, आख्खा पोरगा खाल्ला आन बटनबी तुटू दिलं न्हाय.

काल म्या तुझं ते रडणं उलटंपालटं करून बघितलं. तू दारात रडलीस, चहा पिताना रडलीस, एसटीत बसताना रडलीस. पर ते लोक का फिरले, हे तू एकदाबी विचारलं न्हाईस. ज्याला ठाऊक न्हाय ते माणूस आधी तेच विचारतं. सदरा फाटलेला न्हवता, अमिना.

लांडगा तुला म्याच लिहून धाडला होता, सप्टेंबरात. तेवढं माझं. बाकीचं तुझं हाय का न्हाय, एवढंच लिही.

जैतुनबी


धाराशिव,
१३ डिसेंबर २०२४

आपा,

तुमचं पत्र आलं आणि मी दोन दिवस ते उघडंच ठेवलं होतं, पुन्हा हातात घ्यायची हिंमत होत नव्हती.

मी खोटं बोलले नाही. मुदस्सरच्या अम्मीनं मला दर्ग्यात बसून विचारलं, पोरीत काही खोट तर नाही ना. तिथं बसून मी खोटं कसं बोलू? मी म्हटलं, एकदा आमच्या अंगणात पडली होती. फिट हा शब्द माझा नाही, तिनंच तो लावला. मी नाही म्हटलं नाही, इतकंच. नंतर तिनंच सुमय्याचं विचारलं. दारात चालत आलेलं नशीब मी हातानं परत पाठवायचं होतं का? तुमच्या घरात दुकान आहे, सलीम आहे. उद्या नाजमीनला दुसरं स्थळ येईल. माझ्या सुमय्याला कोण आहे? मी डोळे मिटले की तिच्याकडे कोण पाहणार?

आणि अब्बांचं तुम्ही काढलंत म्हणून लिहिते. अब्बा बांगड्यांची पेटी घेऊन खेड्यांवर जायचे, तेव्हा तुम्हाला बरोबर न्यायचे. गोष्टी तुम्हाला वाटेवर मिळायच्या. मी अम्मीजवळ चुलीपाशी. रात्री जेवताना तुम्ही सांगाल तेवढी गोष्ट मला मिळायची. मला सगळं तुमच्याकडून उरलेलंच मिळालं, आपा. गोष्टसुद्धा.

पण तिचा शेवट मला पाठ आहे. विहिरीतून वाचून यूसुफ अलैहिस्सलाम तख्तावर पोचले होते, दुष्काळात धान्य मागायला आलेले भाऊ समोर उभे होते, सूड घ्यायला एक शब्द पुरे होता. ते म्हणाले, आज तुमच्यावर काही ठपका नाही. नबींनी माफ केलं, मग आपण कोण?

२६ जानेवारीला निकाह आहे. तुम्ही या. सुमय्याच्या हातात चुडा तुम्हीच भरा, तिचीही तीच इच्छा आहे. सख्खी थोरली बहीण आली नाही तर गल्ली बोलायला लागेल.

अमिना


तुळजापूर,
१९ डिसेंबर २०२४

अमिना,

उरलेली गोष्ट मिळाली म्हणतीस ते खरं दिसतंय. मधलं सगळं गळालंय.

ठपका न्हाय असं यूसुफ अलैहिस्सलाम म्हणाले ते कवा म्हणाले? धान्याला आले तवा भाऊ पहिल्याच फेरीत वळखले होते त्यांनी. तवा म्हणाले का? न्हाय. परत धाडलं. पुन्हा बोलावलं. धाकट्या भावाच्या पोत्यात पेला ठेवून, चोरीचा आळ आणून बघितलं, ह्याला तरी हे सांभाळतात का ह्यालाबी टाकून जातात. आन शेवटी भावांनी आपल्या तोंडानं म्हणलं, अल्लानं तुला आमच्यावर मोठं केलं आन गुन्हा आमचाच होता. हे आधी. ठपका न्हाय, ते त्याच्या मागनं. तुझ्या इज्तेमात मागचं तेवढंच सांगतात काय?

आन भावांनी असं म्हणलं न्हाय की लांडगा हा शब्द आमचा न्हवता, बापाचाच होता.

अब्बांच्या मागं मी पेटी डोक्यावर घेऊन उन्हातनं चालले, तू सावलीत होतीस. गोष्ट फुकट मिळत न्हवती. पर ते राहू दे. भाऊ जळले, ते मला कळतं. बापाचं एकाकडं जास्त लक्ष असलं की दुसऱ्यानं जळावं, त्यात काय नवल. तू माझ्यावर जळलीस, जळ. ढकलायचंच होतं तर मला ढकलायचं होतंस, माझं काय राहिलंय आता. नाजमीननं तुझं काय घेतलं होतं?

तिला दुसरं स्थळ येईल म्हणतीस. आलं होतं. नळदुर्गचे पाहुणे, गेल्या सोमवारी येणार होते. आले न्हाईत. सलीमनं विचारलं तर म्हणाले, धाराशिवात चौकशी केली. बस, एवढंच. पुढचं सलीमनं ऐकलं न्हाय, ऐकायची गरज न्हवती.

म्हणून माझं मागणं सांगते. शेवटी सदरा पुन्हा गेला, आठवतं का? यूसुफनं आपला सदरा काढून दिला, म्हणाले, रडून आंधळ्या झालेल्या बापाच्या तोंडावर टाका, डोळे परत येतील. तो नेला कोणी? अब्बा सांगायचे, रगताचा सदरा जो भाऊ घेऊन गेला होता तोच म्हणाला, हाबी म्याच नेणार. दुसऱ्या कुणाला नेता आला नसता असं न्हाय. पर त्यानंच न्यायचा होता.

तूबी तसंच कर. मुदस्सरच्या अम्मीला सांग. बायकांत सांग. नाजमीनला काही न्हाय, ती रोज्यात चक्कर येऊन पडली होती, आन मला ते ठाऊक असून म्या गप राहिले. माझ्या दारात रडायला येऊ नकोस. त्यांच्या दारात जाऊन बोल. मंग मी येते, चुडा भरते, दोन दिवस राहते.

जैतुनबी


धाराशिव,
२ जानेवारी २०२५

आपा,

दोनदा लिहिलं आणि फाडलं. आता लिहिते ते तसंच धाडते.

तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे. पण मी आता बोलले तर लग्न मोडेल. ते म्हणतील, ही म्हातारी एका नातीसाठी दुसरीवर आळ घेते, हिच्या घरची मुलगी नको. आणि सुमय्याला यातलं काहीच माहीत नाही. तिला वाटतं, तुमच्याकडचं आपोआप मोडलं आणि मग तिचं जमलं. ती नाजमीनला तोंड कसं दाखवू म्हणून रडते. तिचा काय गुन्हा, आपा? तुम्हीच सांगा.

निकाह होऊ द्या. निकाह झाला की बायकांच्या मांडवात, ताटं वाढायच्या आधी, मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगते. मुदस्सरची अम्मी असेल, नळदुर्गचे पाहुणेही येणार आहेत, त्यांचं त्या घराशी नातं आहे. सगळ्यांना एकदाच ऐकू जाईल. शपथ घेत नाही, तुम्हाला शपथा आवडत नाहीत. तुम्ही समोर बसा. नाजमीनलाही आणा. ती समोर असली की माझ्या तोंडून निघेल.

अमिना


तुळजापूर,
१४ मार्च २०२५

अमिना,

खजुराचा डबा पोचला. सोबत तुझ्या सुनेनं निरोप दिला की रमजान हाय, दुवेत माझं नाव घ्या असं अम्मीनं सांगितलंय. म्हणून कागद घेतला. न्हायतर लिहिणार न्हवते.

सुमय्याचा गुन्हा न्हाय, हे तुझं मला पटलं होतं. म्हणून आले. नाजमीन यायला तयार न्हवती. म्या तिला सांगितलं, चल, छोटी दादी तुझ्यासाठी उभी राहणार हाय. तिनं ईदचा ड्रेस घातला. मोडल्यापास्नं पहिल्यांदा आरशात बघितलं पोरीनं.

चुडा भरला. सुमय्याचा हात गार पडला होता, आंगठ्याचं हाड तसंच रुंद. एकबी बांगडी फुटू दिली न्हाय म्या. ती मला म्हणाली, दादी, नाजमीन माझ्यावर रागावली न्हाय ना? म्या म्हणलं, तुझ्यावर न्हाय. हे तुझ्या कानावर गेलं होतं, तू मागंच उभी होतीस.

निकाह झाला, खजूर वाटले. बाया मांडवात बसल्या. नळदुर्गच्या दोघी आमच्या समोरच, मुदस्सरची अम्मी त्यांच्याजवळ. तू उठलीस. पदर डोक्यावरनं नीट घेतलास. आमच्याकडं बघितलंस. नाजमीननं माझा हात धरला, एवढा जोरात की माझी बांगडी तिच्या बोटात रुतली. तुझं तोंड उघडलं. म्या मनात म्हणलं, आता. आन तू म्हणालीस, "बायांनो, जेवून घ्या, बिर्याणी गार होतीया."

मी तिथं बोलू शकले असते. मला काय कुणाची भीती. पर सुमय्या समोर बसली होती, नवा चुडा घालून, आन तो म्या भरला होता. तुला हे ठाऊक होतं. म्हणूनच तू मला चुडा भरायला बोलावलंस, हे मला येताना त्या भरल्या एसटीत उभं राहून कळलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा तू हुशार निघालीस. भावांनी यूसुफला एकदाच विहिरीत टाकलं. तू आमाला जेवायला बोलावून पुन्हा टाकलंस.

मंग मी वाट बघितली. म्हणलं, आठ दिवसांनी बोलंल. वलीम्याचं जेवण झालं, चौथीची रीत झाली, पोरगी माहेरी येऊन गेली, रमजान लागला. आता लग्न मोडायचं भ्या न्हाय. आता कसलं भ्या हाय?

परवा रोजा सोडला आन नाजमीन पाण्याचा गलास हातात धरून बसली. मला म्हणाली, "दादी, मला झोपेत काही होतं का? तुमाला झोप लागत न्हाय, जरा बघत जा माझ्याकडं." म्या म्हणलं, काही होत न्हाय बेटा, तू लाकडासारखी झोपतीस. तिनं ऐकलं आन म्हणाली, "मंग छोटी दादी गप का बसल्या? त्यांनी बघितलंय मला पडताना. मला कळत नसंल, त्यांना कळलं असंल."

लांडगा कुठंच न्हवता, अमिना. भावांनाबी ते ठाऊक होतं, बापालाबी ठाऊक होतं. इथं मातर पोरीलाच वाटायला लागलंय की तो तिच्या अंगात हाय. आता ती एकटी आंघोळीला गेली की कडी लावत न्हाय. तिची माय दाराशी उभी असते.

तू दुवेत नाव घे म्हणतीस. भाऊ शेवटी बापाकडंबी गेले होते. म्हणाले, आमी चुकलो, आमच्यासाठी माफी मागा. एवढं कबूल केल्यावरबी बापानं लगेच हात उचलले न्हाईत, पुढं मागीन म्हणाले. यूसुफ अलैहिस्सलामांनी तिथल्या तिथं सोडलं, बापानं थांबवलं. आपण अब्बांना विचारलं होतं असं का, तर ते म्हणाले, ज्याचं पोर गेलेलं असतं त्याला वेळ लागतो. आन ते नबी होते. मी बांगड्या विकणारी बाई हाय. नमाज झाली की हात उचलते, सगळ्यांची नावं येतात, मेलेल्यांचीबी येतात, सुमय्याचं येतं. तुझ्या नावापाशी आले की जीभ पुढं सरते.

मला आता काही लिहू नकोस. मला जे कळायचं ते कळलं. नाजमीनला लिही. पाकिटावर तिचं नाव घाल आन आत तुझ्या हातचं अक्षर असू दे, सुनेचं न्हाय. तिनं काय विचारलंय ते वर लिहिलंय. मी ते पाकीट फोडणार न्हाय.

खजूर वाटून टाकले. डबा धुऊन ठेवलाय, कुणी धाराशिवला निघालं की देते.

जैतुनबी